दाभोळची शेवटची फेरीबोट आणि माझा भागाकार

पेट्रोल, टायरमधली हवा, लायसन्स हे सांगत बसत नाही. पुण्याहून ताम्हिणीमार्गे दापोली, पुढे दाभोळ, तिथून फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपावे आणि मग गुहागर, असा बेत असेल तर आदल्या रात्री कागद-पेन घेऊन बसा. अंतर भागिले वेग, बस. अंतर स्वतःच्या दारापासून मोजा. चांदणी चौकापर्यंत पोचण्यातच घामटं निघतं.

आता रस्त्याचे तुकडे पाडा. सरळ रस्ता वेगळा, घाट वेगळा. मी पाडले नव्हते. हिशेबापुरतं २०० किलोमीटर धरा: १०० ताशी ५०ने, आणि ताम्हिणी अधिक मंडणगडकडची वळणं मिळून १०० ताशी २५ने. मी शहाण्याने दोन्ही वेगांची बेरीज केली, दोनाने भागली, साडेसदतीस. म्हणजे ५ तास २० मिनिटं. प्रत्यक्षात पहिल्या शंभराला २ तास, दुसऱ्याला ४. झाले ६! हळू रस्त्यावर गाडी दुप्पट वेळ असते, म्हणून सरासरी ३३वर येते. ही ४० मिनिटं मी कुठेच धरली नव्हती. दाभोळच्या जेटीवर पोचलो तेव्हा शेवटची बोट धोपाव्याला लागलेली, तिचे दिवे दिसत होते. रस्त्याने जायचं तर मागे फिरून खेड, चिपळूण. बायको एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं.

म्हणून पुन्हा सांगतो, आधी तुकडे, मग प्रत्येक तुकड्याचा वेळ, मग वेळांची बेरीज. वेगांची बेरीज करायचीच नाही.

कॅल्क्युलेटरवर ५.३३ आलं तर ते ५ तास ३३ मिनिटं नव्हेत. पॉइंटपुढचा भाग, म्हणजे ०.३३, ६०ने गुणा, जवळपास २० मिनिटं येतात.

वेग म्हणजे काट्यावर दिसलेला सर्वात मोठा आकडा नव्हे. एसटीच्या मागे अडकल्यावर जो पडतो तो लिहा. पावसाळ्यात ताम्हिणीत धुकं असतं, शिवाय धबधब्यापाशी वाटेल तशा लावलेल्या गाड्या, तेव्हा तो तुकडा आणखी हळू धरा. (पाडलात ना तुकडा?)

चहा, जेवण, मुलांच्या उलट्या: तासभर. बोटीसाठी रांग, अर्धा तास. शेवटच्या फेरीची वेळ त्याच दिवशी फोन करून विचारा. या सगळ्यावरून उलटं मोजत निघायची वेळ काढा. परतीचा हिशेब वेगळा, त्यालाही तुकडे.