पडीक जुनी मोटरहोम कुठल्या कंपनीची आणि कुठलं मॉडेल, कसं ओळखायचं

अमेरिकेत गावाबाहेर जमीन घेतली की कधीकधी जमिनीबरोबर एखादी जुनी मोटरहोमही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, पदरात पडते. झाडाखाली उभी, टायर मातीत रुतलेले, छपरावर शेवाळं, आणि आधीच्या मालकाला विचारलं तर "आम्ही आलो तेव्हापासून तिथेच आहे" एवढंच उत्तर. इथल्या आपल्या मराठी लोकांकडून हा प्रश्न येत असतो म्हणून नीट लिहितेय. भंगारवाल्याला फोन करायच्या आधी गाडी ओळखा, कारण यातल्या काही गाड्या खरोखर जपण्यासारख्या असतात आणि एकदा तोडली की संपलं.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, मोटरहोमला बनवणारे दोन असतात. आपल्याकडे एसटीची बस कशी, चेसिस टाटाची नाहीतर लेलँडची आणि बॉडी एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपात बांधलेली, तसंच हे. खाली फोर्ड, शेव्हरोले किंवा डॉज आणि वरचं घर विनेबागोचं, फ्लीटवुडचं किंवा इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या एखाद्या छोट्या कंपनीचं, जी ७३ च्या नाहीतर ७९ च्या तेलटंचाईत कधीच बंद पडली. म्हणून बॉनेटवर फोर्ड लिहिलंय म्हणजे "फोर्डची मोटरहोम" असं धरून चालू नका. ब्रेक, इंजिन, सस्पेन्शनचे पार्ट चेसिसवरून शोधायचे आणि खिडक्या, छप्पर, वायरिंग, टाक्या वगैरे बॉडीवरून, त्यामुळे दोन्ही नावं लागतात. कागदपत्रांतही घोळ असतो, टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, कुठे चेसिसवाल्याचं नाव असतं तर कुठे बॉडीवाल्याचं, आणि वर्षही एखादं मागेपुढे, कारण १९८४ च्या चेसिसवर बांधलेली गाडी १९८५ चं मॉडेल म्हणून विकली जायची.

आत शिरायची घाई करू नका. बंद पडलेल्या गाडीत उंदीर असतातच आणि अमेरिकेत, विशेषतः पश्चिमेकडे, उंदरांच्या लेंड्यांतून हंटाव्हायरस पसरतो, हे हलक्यात घ्यायचं नाही. दारं-खिडक्या उघडून अर्धा तास तरी बाहेर थांबा, नुसता कापडी नाही तर चांगला घट्ट बसणारा मास्क आणि ग्लोव्हज घाला, आणि लेंड्या झाडूने अजिबात झाडायच्या नाहीत, ब्लीचचं पाणी मारून ओल्या करून मग पुसून काढायच्या. पाय टाकताना फ्लोअर कुजलाय का ते आधी काठीने दाबून बघा. गॅसच्या टाकीच्या नॉबला हात लावू नका.

आता पाट्या शोधायच्या. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, सीटच्या बाजूच्या भिंतीवर किंवा डॅशबोर्डखाली सर्टिफिकेशनचं लेबल असतं, त्यावर किती वजन पेलतं, टायरचा साइझ, महिना-वर्ष आणि चेसिस नंबर म्हणजे व्हीआयएन. हे लेबल नीट वाचा, कारण बऱ्याचदा त्यावर "इनकम्प्लीट व्हेईकल" म्हणजे अर्धवट गाडी कोणी बनवली आणि पुढे पूर्ण कोणी केली हे दोन्ही लिहिलेलं असतं, म्हणजे अर्धं कोडं तिथेच सुटलं. मग घराच्या दाराजवळ बाहेरून बघा, तिथे आरव्हीआयए या इंडस्ट्रीच्या संघटनेचं नंबर असलेलं छोटं सील दिसू शकतं. आतमध्ये सिंकखालच्या कपाटाच्या दारामागे, कपड्यांच्या कपाटात, फ्यूजबॉक्सच्या झाकणावर बॉडीवाल्याची पाटी असू शकते, मॉडेल आणि सीरियल नंबर तिथे मिळतो. बॉडीचा सीरियल आणि व्हीआयएन हे दोन वेगळे नंबर, दोन्ही लिहून घ्या. अक्षरं पुसट असतील तर सँडपेपर अजिबात घासू नका, ओल्या फडक्याने हलकेच पुसा, अंधारात टॉर्च बाजूने, अगदी पाटीला चिकटून आडवा धरा आणि फोटो काढा, ठोकलेली अक्षरं सावलीमुळे उठून दिसतात. कागद ठेवून पेन्सिल घासली तरी छाप येतो.

व्हीआयएन १७ अक्षरांचा असेल तर गाडी १९८१ किंवा नंतरची. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात, तसं वाटलं तर तो एक किंवा शून्य समजा. सुरुवात १एफडी असेल तर फोर्डचं अर्धवट चेसिस, १जीबी असेल तर शेव्हरोलेचं. पुढे ई३ दिसलं तर फोर्डच्या इकोनोलाइन व्हॅनचं ई-३५० आणि पी३ दिसलं तर शेव्हरोलेचं पी-३०, जुन्या मोटरहोममध्ये ही दोन चेसिस जिकडेतिकडे. दहावं अक्षर वर्षाचं, बी म्हणजे १९८१, एफ १९८५, एल १९९०, वाय २०००. एनएचटीएसए या सरकारी वाहनसुरक्षा खात्याच्या साइटवर व्हीआयएन फुकटात डीकोड होतो, पण तिथे येणारी माहिती मुख्यतः चेसिसची, घर कोणी बांधलं ते तिथे सहसा कळत नाही.

१७ पेक्षा कमी अक्षरं असली तर गाडी बहुतेक ८१ च्या आधीची आणि तेव्हा प्रत्येक कंपनीची नंबर द्यायची पद्धत वेगळी, म्हणून इथे अंगकाठीवरून ओळखणं जास्त कामाला येतं, आणि मला स्वतःला हाच भाग सगळ्यात आवडतो.

लांबून बघा. पुढे व्हॅनचं तोंड आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर बाहेर आलेला बेडचा पोटमाळा असेल तर क्लास सी. सरळ बससारखा डबा असेल तर क्लास ए. काचेच्या वर पुढे आलेली भुवई आणि बाजूला रंगाच्या पट्ट्याने काढलेला मोठा डब्ल्यू म्हणजे विनेबागो, आयोवातल्या फॉरेस्ट सिटीची, १९६६ पासून त्यांच्या मोटरहोम येतायत. रंग उडाला तरी पट्ट्याची कड हाताला लागते. ब्रेव्ह, चीफटन ही त्यांची मॉडेल्स, सोबतचा आकडा बहुतेक फुटांतली लांबी, म्हणून टेप घेऊन पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंत मापून ठेवा. इटास्का लिहिलेलं दिसलं तर तीही विनेबागोचीच.

मागची चाकं जोडीने शेजारी-शेजारी नसून एकामागोमाग एक असतील, गाडी बुटकी, फ्लोअर जमिनीजवळ आणि खिडक्या प्रचंड मोठ्या, तर थांबा आणि अजिबात भंगारात देऊ नका. ती जीएमसी मोटरहोम असण्याची दाट शक्यता आहे, १९७३ ते ७८ इतकीच वर्षं बनली, २३ आणि २६ फुटी, साधारण १३ हजार गाड्या. फ्रंट व्हील ड्राइव्ह, ओल्ड्समोबिल टोरोनॅडो या कारचं ४५५ क्युबिक इंची इंजिन आणि शेवटी शेवटी ४०३. इथे चेसिस आणि बॉडी दोन्ही जीएमसीचंच. नंबर टीझेडईने सुरू होतो आणि व्ही या अक्षराच्या आधीचा आकडा वर्षाचा, ५ असेल तर १९७५. या गाड्यांवर जीव टाकणारे लोक आहेत आणि पार्ट आजही मिळतात.

गोल नाकाची, फायबरग्लासची, २७ फुटी आणि खाली डॉज, ती ट्रॅव्हको असू शकते. इंजिन मागे क्रायस्लर ४४० आणि बॉडी बुटकी-रुंद, २९ फुटी, तर एफएमसी, सत्तरच्या दशकात लष्करी गाड्या बनवणाऱ्या कंपनीने काढलेली, ही फारच कमी दिसते.

टोयोटा पिकअपवर बांधलेल्या छोट्या गाड्याही खूप, डॉल्फिन, सनरेडर, शिनूक. त्यात एक गोष्ट न चुकता बघायची, मागच्या चाकाला नट किती. पाच असतील तर तो पिकअपचा हलका ॲक्सल आहे, एवढ्या घराच्या वजनाला तो पुरत नाही आणि त्यावर गाडी रस्त्यावर काढू नये, सहा असतील तर मजबूत ॲक्सल. बाकी गाड्यांमध्ये रिमवर १६.५ इंच लिहिलंय का तेही बघा. हा साइझ आता मिळणं मुश्किल आणि त्यावर १६ इंची टायर चढवणं जीवावर बेतू शकतं, हवा भरताना टायर फुटून निघतो.

नावाचं स्टिकर गेलं असेल तरी सकाळी किंवा संध्याकाळी तिरक्या उन्हात मागच्या आणि पुढच्या पॅनलकडे बघा, जिथे अक्षरं होती तिथला रंग कमी उडालेला असतो आणि नाव पुन्हा वाचता येतं. स्क्रूची भोकंही मोजा, अक्षरांची लांबी कळते.

वर्ष पक्कं करायला घरातल्या वस्तूंचे नंबर वाचा. फ्रिज (डोमेटिक, नॉरकोल्ड), सबर्बनचा हीटर, ओननचा जनरेटर, गॅस टाकीच्या पाटीवरचं वर्ष. मागच्या दिव्यांच्या काचेवर एसएई आणि दोन आकडी वर्ष असतं, ७२ असेल तर गाडी त्याच्या आधीची सहसा नाही. एकाच वस्तूवर भरवसा ठेवू नका, फ्रिज बदललेला असू शकतो, पण तीन-चार वस्तू एकाच वर्षाकडे बोट दाखवायला लागल्या की मान्य करा. मात्र खिडकीच्या कोपऱ्यात हेर असं नाव दिसलं तर ते खिडकी बनवणाऱ्याचं, गाडीचं नव्हे, यात खूप जण फसतात.

नाव कळलं की विनेबागोसारख्या कंपन्यांची जुनी माहितीपत्रकं आणि वायरिंगचे नकाशे ऑनलाइन मिळतात, तुमच्या खिडक्यांची जागा आणि आतली रचना फोटोशी ताडून मॉडेल ठरवा.

आणि गाडी तुमच्या जमिनीवर उभी आहे म्हणून ती आपोआप तुमची होत नाही. व्हीआयएन घेऊन शेरीफच्या ऑफिसात चौकशी करा, चोरीची आहे का ते एनआयसीबी या विमा कंपन्यांच्या संस्थेच्या साइटवर फुकट बघता येतं, आणि बेवारस गाडीचं टायटल कसं मिळवायचं त्याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत ते डीएमव्हीत, म्हणजे गाड्यांची नोंदणी करणाऱ्या खात्यात, विचारा. टायटल हातात येईपर्यंत काही काढू-विकू नका, आणि व्हीआयएनची पाटी तर कधीच उचकटू नका, तो फेडरल गुन्हा आहे.