नायट्रोजनच्या मेंब्रेन युनिटवर नवीन असाल तर

भोसरी एमआयडीसीतल्या एका वेफर्सच्या कारखान्यात मी अकरा वर्षं युटिलिटी (हवा, गॅस वगैरेची यंत्रणा) बघते. पाकिटात भरायचा नायट्रोजन आम्ही मेंब्रेनने, म्हणजे पॉलिमरच्या पातळ पडद्याने, हवेतूनच काढतो. शिफ्टला नवीन मुलगा आला की विचारतो, "मॅडम, आतली चाळणी किती बारीक असते?" चाळणी हा शब्द आधी डोक्यातून काढा. त्या समजुतीपायीच व्हॉल्व्ह उलटा फिरवला जातो.

सारसबागेतून आणलेला गॅसचा फुगा सकाळी जमिनीवर आलेला असतो. गाठ घट्ट, भोक कुठेच नाही. गॅस रबरात विरघळतो, सरकत सरकत पलीकडे निघून जातो. आपल्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे मेंब्रेनच्या नळकांड्यात, पॉलिमरचे बारीक, पोकळ असे हजारो धागे असतात. कॉम्प्रेसरने दाबलेली हवा त्यांच्या एका टोकाने आत शिरते आणि त्यांच्या भिंतीतही हेच घडतं. पाण्याची वाफ झपाट्याने निघते, ऑक्सिजन तिच्या मागून, नायट्रोजन रेंगाळतो. पॉलिसल्फोन या पॉलिमरमधून ऑक्सिजन नायट्रोजनच्या साधारण सहापट वेगाने जातो. फक्त सहापट! म्हणजे नायट्रोजनही थोडा वाया जाणारच. धाग्याच्या दुसऱ्या टोकाला जो उरतो, तो आपला.

सुरुवात ऑक्सिजन मोजणाऱ्या अ‍ॅनालायझरपासून करा. सेन्सरला बाहेरची मोकळी हवा द्या, 20.9 टक्के दिसलं पाहिजे. नसेल तर आधी कॅलिब्रेशन, बाकी सगळं नंतर. मग इनलेट हळूहळू उघडा, एकदम दाब सोडू नका. ऑक्सिजनचा आकडा खाली येऊन स्थिर होईपर्यंत गॅस बाहेर सोडा, पॅकिंगच्या लाइनला देऊ नका.

आता मुख्य गोष्ट. नायट्रोजनची प्युरिटी (शुद्धता) कमी पडली तर आउटलेटचा व्हॉल्व्ह थोडा बंद करायचा. हवा धाग्यात जास्त वेळ राहते, ऑक्सिजनला निसटायला सवड मिळते. फ्लो मात्र घटतो. पॅकिंगवाले "गॅस वाढवा" म्हणून ओरडतात तेव्हा व्हॉल्व्ह उघडण्याचा मोह होतो. उघडलात की ऑक्सिजन चढलाच. पाव फेरा फिरवा, दहा मिनिटं थांबा, आकडा बघा, मग पुढचा पाव फेरा. आणि कॉम्प्रेसरचा दाब पडलाय का, हे त्याआधी तपासा. दोन बाजूंच्या दाबातला फरकच ऑक्सिजनला भिंतीतून ढकलतो.

मेंब्रेनचा खरा शत्रू तेल. कॉम्प्रेसरमधून आलेली तेलाची वाफ पॉलिमरमध्ये मुरली की धुऊन निघत नाही. एका जुलैत आमचा ऑटो ड्रेन (साठलेलं पाणी आपोआप बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) तुंबला, पाणी आणि तेल फिल्टर ओलांडून पुढे गेलं आणि अख्खं मॉड्यूल बदलावं लागलं. तेव्हापासून पावसाळ्यात प्रत्येक शिफ्टला ड्रेन हाताने उघडून बघते. कार्बन फिल्टर तासांच्या हिशेबाने बदला. वरून तो स्वच्छच दिसतो, त्यावर जाऊ नका.

धाग्यांच्या भिंतीतून निघालेल्या हवेत ऑक्सिजन जास्त असतो. तिचा पाइप छताबाहेर काढा, जवळ वेल्डिंग करू देऊ नका. नायट्रोजन गळाला तर उलट धोका: वास नाही, खोकला नाही, माणूस सरळ कोसळतो. खोलीतला अलार्म ऑक्सिजनच्या 19.5 टक्क्यांवर लावलेला आहे. तरी मी दारातूनच मीटर बघते, मगच आत पाऊल टाकते.