कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजचे अंदाजपत्रक कसे वाचावे आणि काय मागावे

फ्रीमाँट, सॅन होजे किंवा क्युपर्टिनो येथे स्वतःचे घर असलेल्या मराठी कुटुंबांच्या मालमत्ता करातील एक वाटा जवळच्या कम्युनिटी कॉलेजकडे, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या सार्वजनिक कॉलेजकडे, जातो, आणि पुष्कळदा त्याच घरातील मूल हायस्कूलमध्ये असतानाच तिथे एखादा विषय शिकत असते. म्हणून या कॉलेजांना पैसा कसा मिळतो आणि कसा मिळायला हवा, हे समजून घेणे आपल्याला टाळता येण्यासारखे नाही.

प्रथम आपल्या डिस्ट्रिक्टचे, म्हणजे परिसरातील कम्युनिटी कॉलेजे चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचे, अंतिम अंदाजपत्रक मिळवावे. तात्पुरते अंदाजपत्रक १ जुलैपर्यंत आणि अंतिम १५ सप्टेंबरपर्यंत मंजूर होते. त्यातील उत्पन्नाच्या पानावर मालमत्ता कर, विद्यार्थ्यांचे शुल्क आणि राज्याचे अनुदान या तीन रकमा शोधाव्यात. बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये राज्याच्या निधीवाटपाच्या सूत्रानुसार देय रक्कम आधी ठरते, तिच्यातून कर आणि शुल्क वजा होते आणि उरलेली रक्कम राज्य देते. त्यामुळे प्रति युनिट (श्रेयांक) ४६ डॉलरचे शुल्क उद्या वाढवले, तरी कॉलेजच्या हाती जवळजवळ काहीच जास्त पडत नाही. भार मात्र विद्यार्थ्यावर येतो. शुल्कवाढीचा प्रस्ताव समोर आल्यास हा मुद्दा आधी मांडावा.

त्यानंतर सूत्राकडे वळावे. २०१८-१९ पासून लागू असलेल्या सूत्रात साधारणपणे ७० टक्के रक्कम पटावर, २० टक्के गरजू विद्यार्थ्यांच्या संख्येवर आणि १० टक्के पदवी, विद्यापीठात प्रवेश अशा निष्पत्तीवर ठरते. पट मोजताना ५२५ तासांचा एक पूर्णवेळ विद्यार्थी धरतात. आठवड्याला ३ तास याप्रमाणे साडेसतरा आठवडे चालणाऱ्या वर्गाचे साडेबावन्न तास होतात, म्हणजे त्या वर्गातील १० जण मिळून कागदावर एक विद्यार्थी होतो. हे गणित एकदा स्वतः करून पाहावे, कारण सूत्रातील मुख्य दोष तिथेच दिसतो.

इतिहासाच्या वर्गात ४० विद्यार्थी बसू शकतात आणि खर्च प्रामुख्याने एका प्राध्यापकाच्या वेतनाचा असतो. वेल्डिंगमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र कप्पा, इलेक्ट्रोड, गॅस आणि धूर ओढून घेणारी यंत्रणा लागते. नर्सिंगमध्ये रुग्णालयात नेलेल्या लहानशा गटामागे एक शिक्षिका पूर्ण वेळ उभी असते. श्रेयांकाच्या नियमित अभ्यासक्रमांना प्रति पूर्णवेळ विद्यार्थी मिळणारा मूळ दर मात्र एकच आहे. परिणामी, ज्या अभ्यासक्रमातून परिसराला परिचारिका आणि कारागीर मिळतात, तोच कॉलेजला महाग पडतो, आणि पैशाची ओढाताण झाली की त्याच्याच जागा वाढवणे अवघड होते. स्ट्राँग वर्कफोर्स या स्वतंत्र निधीमुळे काही भरपाई होते, पण मूळ सूत्रातच खर्चानुसार वेगवेगळे दर असले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

पटाच्या चढउताराचा धक्का एकदम बसू नये म्हणून श्रेयांकाचा पट तीन वर्षांच्या सरासरीने मोजतात. हा भाग चांगला आहे आणि तो टिकवण्याची मागणी करावी, कारण मंदीत नोकऱ्या गेल्यावर लोक या कॉलेजांकडे येतात आणि नेमक्या त्याच वेळी राज्याचा महसूल आटतो. सूत्रानुसार रक्कम कमी भरली तरी राज्य जी किमान हमीची रक्कम देते, तिच्यावर आपले डिस्ट्रिक्ट चालले आहे का, हेही विचारावे. २०२५-२६ पासून ही हमी २०२४-२५ च्या पातळीवर गोठली असून तिच्यात महागाईची वाढ मिळत नाही.

सॅन मॅटेओसारख्या काही डिस्ट्रिक्टमध्ये मालमत्ता कराचे उत्पन्नच सूत्रातील रकमेपेक्षा जास्त भरते आणि ती वरकड त्यांच्याकडेच राहते. तिथल्या विद्यार्थ्यांना त्याचा लाभ झाला, याचा आनंदच आहे. पण सेंट्रल व्हॅली या शेतीच्या खोऱ्यातील शेतमजुरांच्या गावात घरांच्या किमती कमी आहेत, एवढ्यावरून तिथल्या मुलीच्या वाट्याला कमी शिक्षक यावेत, हे न्याय्य नाही. श्रीमंत डिस्ट्रिक्टचे काढून न घेता राज्याने इतरांचा मूळ दर वाढवावा, ही मागणी आमदारांकडे लेखी करावी.

डिस्ट्रिक्टचा कारभार पाहणाऱ्या विश्वस्त मंडळाच्या नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी जाहीर होते. तिथे बोलण्यासाठी नागरिकत्व लागत नाही; व्हिसावर असलेली व्यक्तीही बोलू शकते. वेळ साधारण दोन-तीन मिनिटांचाच मिळतो, म्हणून एकच प्रश्न लिहून न्यावा: नर्सिंगच्या एका जागेवर कॉलेजचा किती खर्च होतो आणि त्यापैकी किती रक्कम सूत्रातून परत मिळते?