कॉलवर 'यस' म्हणताना जपा

पिंपळगाव बसवंतला मराठी शाळेतून दहावी, मग नाशिकला मेकॅनिकलचा डिप्लोमा आणि त्यानंतर अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीत नोकरी, असा माझा प्रवास. याच वाटेने जे आता सातपूर, अंबड, सिन्नरच्या कंपन्यांत लागताहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. टेन्स, आर्टिकल्स, ईमेलची सुरुवात आणि शेवट हे तुम्हाला येतं असं धरते. मला व्याकरण नडलं नाही. मला 'हो' नडलं.

नोकरीला सहा महिने झाले होते. जर्मन ग्राहकाचा दर आठवड्याचा कॉल होता. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे हिवाळ्यात आपले दुपारचे दीड. साहेब रजेवर, म्हणून मी एकटीच बसले. ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली होती, नवे पार्ट तयार होते, पण पॅकिंग व्हायचं होतं. पलीकडून विचारणा झाली, "सो द न्यू पार्ट्स हॅवन्ट लेफ्ट नाशिक येट?" मी म्हटलं, "यस सर." माझ्या मनात सरळ मराठी होतं: हो, नाही निघाले अजून. त्यांनी ऐकलं: निघाले. कॉलनंतर मेलवर आलेल्या मिनिट्समध्ये, म्हणजे कॉलवर काय ठरलं त्याच्या लेखी नोंदीत, 'पार्ट्स शिप्ड' असं स्पष्ट लिहिलं होतं. कॉल एकदाचा संपला या सुटकेत मी ती मेल नीट वाचलीच नाही. पंधरा दिवसांनी त्यांची लाइन थांबायची वेळ आली, तेव्हा माल अंबडला रॅकवरच होता. तो विमानाने पाठवावा लागला, खर्च कंपनीने सोसला आणि पुढचे तीन महिने मला कुठल्याच कॉलवर बसवलं नाही. 'हिला इंग्रजी येत नाही' हे शॉप फ्लोअरवर मी माझ्या कानांनी ऐकलं. ते अजून लागतं.

आता हे नीट समजून घ्या, कारण मला हे कुठल्याही क्लासात कुणी सांगितलं नव्हतं. मराठीत आपण समोरच्याच्या बोलण्याला होकार देतो. "जेवली नाहीस का अजून?" "हो ना, नाही जेवले." इथे 'हो' म्हणजे तुझा अंदाज बरोबर. इंग्रजीत यस आणि नो गोष्ट घडली की नाही यावर ठरतात. घडली असेल तर यस, नसेल तर नो, मग प्रश्न सुलट विचारलेला असो की उलट. म्हणजे माझं उत्तर "नो, दे हॅवन्ट" असायला हवं होतं. त्यात मोठ्या माणसाला तोंडावर 'नो' म्हणणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं, त्यामुळे जीभ आपोआप 'यस'कडे वळते.

याच सापळ्याचं दुसरं तोंड आणखी वाईट आहे. कुणी बोलत असलं की आपण हं, हो, हो करत राहतो. त्याचा अर्थ एवढाच, की ऐकतेय, बोला. कॉलवर त्याचं "यस, यस, ओके" होतं आणि पलीकडे ते 'मान्य' म्हणून लिहून घेतलं जातं. मग तारीख असो, दर असो की रिजेक्शनची जबाबदारी.

उपाय मला डिस्पॅचमधल्या एका काकांनी दिला. शिक्षण दहावी, पण ट्रान्सपोर्टवाल्यांशी आणि कस्टमच्या एजंटांशी रोज बोलणारे. म्हणाले, "पोरी, हो-नाही बोलूच नको. माल कुठे आहे ते सांग." तेव्हापासून मी पूर्ण वाक्यच बोलते: "द पार्ट्स आर स्टिल इन नाशिक. दे विल लीव्ह ऑन थर्सडे." ऐकत असताना गप्प राहते. समजलं नाही तर, "सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट. प्लीज से इट अगेन." हे वाक्य आजच तोंडपाठ करा. पहिल्यांदा म्हणताना माझा घसा कोरडा पडला होता. समोरच्याने शांतपणे, सावकाश पुन्हा सांगितलं. बस, एवढंच होतं.

म्हणून माझं ठाम मत आहे, की शिकायचं ते अस्खलित बोलणाऱ्याकडून नव्हे, ज्याची कामं फोनवर अडत नाहीत त्याच्याकडून. तीस दिवसांत फाडफाड इंग्रजीच्या एका क्लासात मी पैसे आणि दोन महिने घालवले. तिथे 'माय फेव्हरेट हॉबी'वर बोलायला लावलं. तुमच्या पार्टला बर, म्हणजे कडेला राहिलेली धातूची धारदार कोर, आहे आणि तो का आला, हे सांगायला तिथे कुणी शिकवत नाही. सावानात, म्हणजे 1840 पासूनच्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात, बसून मी पुस्तकंही पुष्कळ वाचली. त्याने शब्द वाढले, पण वाचनालयात तोंड बंद ठेवावं लागतं आणि माझं तोंडच उघडत नव्हतं. जीभ सुटली ती सिडकोतल्या खोलीच्या गच्चीवर. रोज रात्री त्या दिवसाचा इन्स्पेक्शन रिपोर्ट मोठ्याने इंग्रजीत सांगायचा, दहा मिनिटं. चार महिने लागले. त्याहून लवकर होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

'पर्यंत' या शब्दालाही जपा. 'शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवते' म्हणजे 'बाय फ्रायडे'. 'टिल फ्रायडे' म्हटलंत तर शुक्रवारपर्यंत पाठवतच राहणार, असा अर्थ होतो. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखे ऐकू येतात, म्हणून मागोमाग "वन फाइव्ह" म्हणा. 03/04 ही तारीख अमेरिकन माणूस 4 मार्च वाचतो, तेव्हा महिना अक्षरांत लिहा.

उच्चारांची मात्र काळजी करू नका. माझा 'व्ह' अजून पिंपळगावचाच आहे आणि त्यामुळे एकही लॉट परत आलेला नाही. मिनिट्स न वाचल्यामुळे मात्र नोकरी जाऊ शकते, हे विसरू नका. मिनिट्स शब्दन् शब्द वाचा आणि चूक दिसली तर त्याच दिवशी उत्तर द्या.

चौथ्या महिन्यात साहेबांनी मला पुन्हा कॉलवर घेतलं. त्या दिवशी वहीच्या वरच्या कोपऱ्यात मी आधीच लिहून ठेवलं होतं, माल कुठे आहे आणि कधी निघणार, दोन पूर्ण वाक्यांत. आजही कॉलच्या आधी तेवढं लिहिते.