स्वित्झर्लंडमधल्या एखाद्या छोट्या गावाचा इतिहास आणि लोकसंख्या कशी शोधायची

सगळ्यात आधी गाव नक्की कुठलं ते पक्कं करा. हसू नका, मी स्वतः बुख्स नावाच्या गावावर दोन संध्याकाळी घालवल्या आणि मग कळलं की मी भलत्याच कँटनचं (म्हणजे स्विस राज्याचं) बुख्स वाचत बसलोय. झुरिक, आरगाऊ, सेंट गालेन, सगळीकडे एकेक बुख्स आहे. त्यामुळे गावाच्या नावाबरोबर कँटन लिहायचाच, आणि जमलं तर गेमाइंडचा (म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या युनिटचा, पुढे सांगतो) सरकारी नंबरपण टिपून ठेवा. हा नंबर न्यूशाटेलच्या फेडरल स्टॅटिस्टिक्स ऑफिसकडून येतो. प्रत्येक गेमाइंडचा वेगळा असतो, म्हणून घोळ होत नाही.

आता गेमाइंड म्हणजे काय, तर स्थानिक कारभाराचं सगळ्यात खालचं युनिट, स्वतःच्या टॅक्सचा दर स्वतः ठरवणारं. फ्रेंच भागात याला कोम्यून म्हणतात, इटालियन भागात कोमूने. गाव आणि गेमाइंड एकच असेल असं नाही, एका गेमाइंडमध्ये चार गावं आणि दहा वस्त्या असू शकतात, आणि लोकसंख्या जवळजवळ नेहमी गेमाइंडची दिलेली असते, गावाची नाही. बहुतेक लोक इथेच फसतात.

इतिहासासाठी पहिला थांबा म्हणजे स्वित्झर्लंडचा ऐतिहासिक कोश. जर्मन, फ्रेंच आणि इटालियन तिन्ही भाषांत आहे, ऑनलाइन फुकट आहे आणि अगदी बारक्या गेमाइंडवरही लेख सापडतो. भाषा येत नसेल तर ट्रान्सलेटरला टाका, काम भागतं. लेखात बहुतेक वेळा गावाचा कागदोपत्री पहिला उल्लेख कुठल्या साली झाला ते असतं, जुन्या स्पेलिंगसकट. पण तो गाव वसल्याचा सन नाही हां, फक्त कुठल्यातरी मठाच्या नाहीतर जमीनदाराच्या कागदात नाव पहिल्यांदा आलं तो सन, गाव त्याच्या कितीतरी आधीपासून असू शकतं.

मग लोकसंख्या. आधुनिक फेडरल जनगणना १८५० पासून सुरू होते, पुढे साधारण दर दहा वर्षांनी, फक्त १८९० ची १८८८ लाच झाली आणि १९४० ची युद्धासाठी सैन्य गोळा केल्यामुळे १९४१ ला गेली. २००० ची ही शेवटची जुन्या पद्धतीची, २०१० पासून दरवर्षी रहिवाशांच्या सरकारी रजिस्टरवरून मोजतात. १८५० च्या आधीचे आकडे बघाल तर कधी कधी माणसंच नसतात, 'चुली' मोजलेल्या असतात, म्हणजे घरं. त्याला अंदाजे पाचने गुणून लोक काढतात, पण तो अंदाजच समजा.

आकडे एका ओळीत मांडले की मजा सुरू होते. गोशेनेनचं बघा, काहीशे लोकांचं डोंगरातलं गाव, आणि १८८० ला एकदम जवळपास तीन हजार! कुणी जन्माला नाही आले एवढे, गोटहार्डचा रेल्वे बोगदा १८७२ ते १८८२ मध्ये खोदत होते आणि मजूर तिथे राहत होते. बोगदा संपला, माणसं गेली. उलटं उदाहरण टिचिनो कँटनमधलं कोरिप्पो, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तीनशेच्या आसपास लोक, आणि शेवटी शेवटी डझनभर. म्हणून उडी किंवा घसरण दिसली की आधी 'त्या दहा वर्षांत इथे काय झालं' हे विचारायचं, बोगदा, धरण, कारखाना, स्थलांतर, काहीतरी निघतंच.

नाहीतर मग हद्द बदललेली असते. कोरिप्पो २०२० मध्ये व्हेर्झास्का नावाच्या नव्या कोमूनेत गेलं, त्यानंतर त्याची वेगळी ओळच नाही. ग्लारुस कँटनने तर २०११ ला २५ गेमाइंडच्या फक्त ३ केल्या. एल्म गाव, जिथे १८८१ ला दगडखाणीवरचा डोंगर कोसळून शंभरावर माणसं गेली, ते आता त्या तीनपैकी ग्लारुस झूड नावाच्या गेमाइंडमध्ये मोडतं, म्हणजे तुम्ही आजचा आकडा घेऊन १८८० च्या एल्मशी तुलना केली तर गाव कित्येक पटींनी वाढल्यासारखं दिसेल आणि ते साफ खोटं असेल. अख्ख्या देशात १८५० ला तीन हजारांवर गेमाइंड होत्या, २०२४ च्या सुरुवातीला २१३१. त्यामुळे तक्त्याच्या खालची टीप वाचाच, कुठल्या तारखेच्या हद्दी धरल्यात ते तिथे लिहिलेलं असतं.

माझी आवडती पायरी नकाशाची. स्विसटोपोच्या (म्हणजे सरकारी नकाशा ऑफिसच्या) साइटवर जुने नकाशे वर्षानुवर्षे सरकवत बघता येतात, ड्युफूरच्या एकोणिसाव्या शतकातल्या नकाशापासून आत्तापर्यंत. रस्ता कधी आला, रेल्वे कुठून गेली, वस्ती कुठल्या बाजूला सरकली सगळं कळतं. ग्राउब्युन्डेन कँटनमधलं मार्मोरेरा असं बघा, जुनं गाव १९५० च्या दशकात धरणाच्या पाण्याखाली गेलं, जुन्या नकाशात घरं आणि नव्यात निळा तलाव.

घराण्यापर्यंत जायचं असेल तर १८७६ पासून सिव्हिल रजिस्टर (जन्म, लग्न, मृत्यूची नोंदवही) देशभर सरकारी आहे, त्याआधीचं चर्चच्या वह्यांत, आणि त्या बहुतेक कँटनच्या अर्काइव्हमध्ये मिळतात. जर्मन भागातल्या वह्यांची जुनी लिपी वाचणं डोकेदुखी आहे, वेळ काढून बसा. आणि स्विस माणसाच्या पासपोर्टवर जन्मगाव नसतं तर 'हाइमाटोर्ट' असतं, म्हणजे ज्या गेमाइंडचं नागरिकत्व पिढ्यानपिढ्या चालत आलंय ते. तिथे तो माणूस कधी राहिलेलाही नसेल, पण पूर्वजांची वही बरेचदा तिथेच सापडते, म्हणून सुरुवात तिथून करा.