बोटीत नवीन फ्लोअर टाकताय? मंग या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे फ्लोअरच्या प्लायला फक्त वरून रेझिन मारणं. नागपूरच्या लकडगंजातून मरीन प्लाय आणला, त्याच्यावर आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का आहे, म्हणजे आता पाण्याचं टेन्शन नाही असं लोक धरूनच चालतात. अहो, त्या शिक्क्यासाठी प्लाय 72 तास उकळतात ते थरांमधला गोंद सुटते का हे पाहायला, लाकूड पाणी पिणार नाही असं त्यात कुठंच नाही. अन् पाणी शिरते ते कडेनं, जिथं थर कापलेले उघडे असतात.

रामटेकजवळ खिंडसी तलावावर एका ओळखीच्या भाऊची जुनी फायबरची बोट होती, फ्लोअर नवीन, वरून एकदम चकाचक. एक पावसाळा गेला अन् मागच्या सीटजवळ पाय ठेवला की दबायला लागलं. मी स्क्रू काढायला बसलो तं पेचकस लागलाच नाही, स्क्रू बोटानंच वर आला, आट्यांमध्ये काळा ओला भुसा भरलेला. प्लाय उचलला तं वरचा थर ठणठणीत अन् खालचे भिजलेल्या वहीच्या पानांसारखे सुटे. खालून एक थेंब रेझिन नव्हतं, कडा कोऱ्या, अन् स्क्रूची भोकं कोट मारल्यावर पाडलेली. एवढा महागाचा प्लाय गेला ना राजेहो, जीव तुटते असं पाहून.

मी आधी सगळं कापतो, बोटीत बसवून पाहतो, पुन्हा बाहेर काढतो अन् मंग सहाही बाजूंना इपॉक्सी, म्हणजे हार्डनर मिसळलं की कडक होणारं रेझिन, लावतो. कडांना जास्त, त्या पितात तोवर पाजत राहायचं. स्क्रूचं भोक मोठ्या बिटनं पाडून इपॉक्सीनं भरायचं, कडक झालं की त्याच्यातूनच बारीक भोक. वेळ लागते. ज्याला एका रविवारी बोट पाण्यात टाकायची घाई आहे त्यानं या कामाला हात लावू नये, स्पष्ट सांगतो.

दुसरी चूक आपल्या नागपूरच्या उन्हाची. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, अन् लोक भर दुपारी डबाभर इपॉक्सी एकदम मिसळून बसतात, ते डब्यातच तापून धूर सोडते अन् दगड होते. थोडं थोडं मिसळा, पसरट ट्रेमध्ये ओता, हार्डनर स्लो घ्या. काही जण लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवतात, हे काऊन करतात कळत नाही, इपॉक्सीचं प्रमाण ठरलेलं असते, बिघडलं की ते चिकटच राहते. अन् कोऱ्या लाकडाला पहिला कोट दिवस मावळताना द्या, सकाळी दिला तं ऊन चढल्यावर लाकडातली हवा फुगून सगळीकडे बुडबुडे येतात.

लोखंडी खिळे नको, स्टेनलेसचेच स्क्रू.

जुनं फ्लोअर फेकायच्या आधी नव्या प्लायवर ठेवून आखून घ्या, तुकडे झाले असतील तं खोक्याचा पुठ्ठा कापून साचा करा.

ॲल्युमिनियमची बोट असेल तं तांब्याच्या औषधात मुरवलेला प्लाय चालत नाही, ओल लागली की तो बोटीचा पत्राच खाते.

फायबर घासताना मास्क अन् पूर्ण बाह्यांचा शर्ट, गरमी झाली तरी.

अन् फ्लोअरखालच्या आधाराच्या पट्ट्या हातोडीनं ठोकून पाहा, आवाज बद्द आला तं आधी त्या बदला. त्याच पट्ट्यांना पाणी मागे जायला खाली भोकं असतात, ती पुट्टीनं किंवा फोमनं बुजवू नका. फ्लोअर ठोकायच्या आधी समोरून मगभर पाणी ओता अन् मागच्या ड्रेन प्लगच्या (पाणी काढायचं बूच) भोकातून ते पूर्ण बाहेर येते का पाहा, नाही आलं तं फ्लोअर बाजूला ठेवा अन् आधी ती वाट मोकळी करा.