डिकीचं लॉक नीट लागत नसेल तर आधी हे बघा
छोट्या गाडीची डिकी एकदा आपटून लागत नाही म्हणून लोक दहादा आपटतात, तसं करू नका, काच आणि बिजागरी दोन्हीला त्रास. आधी लॉकच्या खाचेत बघा, धूळ आणि वाळलेलं ग्रीस जाम झालेलं असतं बऱ्याचदा. डिकी उघडी ठेवून स्क्रूड्रायव्हरने लॉकची जीभ बंद स्थितीत ढकला, टक्क आवाज येऊन अडकली आणि हँडल ओढल्यावर सुटली तर लॉक चांगलंय, मग खालचा यू आकाराचा हुक सरकलाय का ते तपासा, बोल्ट सैल करून थोडा हलवायचा, जुन्या जागेवर मार्करने खूण मात्र आधी करा.

जीभ अडकतच नसेल तर क्लीनर मारून, पुसून, पांढरं लिथियम ग्रीस लावा.

बटण दाबल्यावर काहीच आवाज नाही? फ्यूज बघा, आणि बिजागरीजवळच्या रबरी नळीतली वायर, उघडझाप करून तिथेच तुटते ती.

डिकी उघडतच नसेल तर मागची सीट पाडून आतून ट्रिम (डिकीच्या दाराचं आतलं प्लास्टिकचं आवरण) काढा, लॉकपर्यंत हात पोचतो. आणि प्लीज, उघड्या डिकीने गाडी चालवू नका, एक्झॉस्टचा धूर आत येतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो.